झोपायची गाडी, उतरायची गाडी

या व्यासपीठावर साधारणपणे पुस्तकांवर, नाटकांवर, फार तर एखाद्या इमारतीवर बोललं जातं. आज आम्ही एका बसवर बोलणार आहोत. आम्ही म्हणजे इथे माईकसमोर उभा असलेला एक आणि मागच्या रांगेत बसलेले दोघे. वस्तू कशा घडवल्या जातात हे शिकवणं हा आमचा उद्योग. आणि आमच्यातला एक अमरावतीचा, एक नांदेडचा, त्यामुळे पुण्याहून घरी जायचं म्हणजे ट्रॅव्हल्स. गेली कित्येक वर्षं आम्ही स्लीपर बसमध्ये झोपतोय, किंवा झोपायचा प्रयत्न करतोय.

नाटकाची समीक्षा करताना आपण विचारतो, याचा लेखक कोण, त्याच्या मनात प्रेक्षक कोण होता. तोच प्रश्न आम्हाला या गाडीला विचारायचा आहे. ही गाडी कुणी योजली? तिच्या मनातला प्रवासी कोण?

आधी वस्तू नीट बघू. बारा मीटरच्या आसपास लांबी, आत साधारण आठ फूट रुंदी. एका बाजूला डबल बर्थ, दुसऱ्या बाजूला सिंगल, दोन्हीकडे खाली-वर, म्हणजे अप्पर आणि लोअर. तीस ते छत्तीस माणसं. आता आठ फुटांतून डबलचे चार फूट आणि सिंगलचे अडीच फूट गेले की मधल्या वाटेला किती राहतात? दीड. मागच्या दिवाळीत आम्ही टेप घेऊनच चढलो होतो. क्लीनरनं विचारलं, "काय साहेब, पडदे शिवायचेत का?" (हशा) आम्ही मोजली ती वाट सर्वात अरुंद ठिकाणी सोळा इंच भरली. त्या सोळा इंचांत चपला होत्या, एक सॅक होती आणि कुणाच्या तरी ब्लँकेटचं लोंबणारं टोक होतं. बर्थची लांबी पाच फूट दहा इंच. अप्परवर बसलं तर डोकं छताला लागतं, म्हणजे त्या बर्थवर दोनच गोष्टी करता येतात, आडवं होणं आणि सरपटणं.

ही काही तक्रार नाही हं. घर छोटं असलं तरी माणूस राहतोच. आम्हाला दाखवायचंय ते वेगळं आहे. या गाडीत जागेचा प्रत्येक इंच एका स्थितीसाठी योजलेला आहे, माणूस आडवा आहे आणि गाडी सरळ उभी आहे. बाकी कुठल्याच स्थितीचा विचार नाही.

म्हणून आता गाडी आडवी करून बघू. मनातल्या मनात. आपल्याकडे दार डाव्या बाजूला असतं. गाडी डाव्या कुशीवर पडली तर दार जमिनीखाली. उजव्या खिडक्या आता डोक्यावर, आठ फूट उंच. आणि ती मधली वाट? उभ्या गाडीत ती दीड फूट रुंद आणि पाच-सहा फूट उंच अशी गल्ली होती. गाडी कुशीवर आल्यावर ती दीड फूट उंचीचं बीळ होते. त्यातून चालता येत नाही, पोटावर सरकावं लागतं. बर्थच्या फळ्या ज्या आडव्या होत्या त्या आता उभ्या भिंती झाल्या. कप्प्यांचं कपाट आडवं पाडलं तर जे होईल ते. आणि हे सगळं अंधारात, झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला, ज्याला वर कुठे आणि खाली कुठे हेच आधी कळायला हवं.

हे काल्पनिक नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमाराला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस अशीच डाव्या कुशीवर पडली आणि पेटली. तेहतीस माणसं होती, पंचवीस गेली. जी वाचली त्यांतली काही काच फोडून बाहेर आली. त्याआधी ८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे नाशिकमध्ये औरंगाबाद रस्त्यावर यवतमाळहून मुंबईला निघालेल्या बसची ट्रकशी धडक झाली, ती पेटली, बारा माणसं गेली. या सभागृहात विदर्भातले बरेच जण असतील. तुमच्या ओळखीत कुणीतरी त्या रात्री त्याच रस्त्यावर दुसऱ्या गाडीत असेल. आमच्या होतं.

बुलढाण्याच्या त्या अपघातानंतर बरेच दिवस चर्चा कशावर चालली? टायर फुटला की ड्रायव्हरचा डोळा लागला. मग महामार्ग फार सरळ आहे, माणसाला संमोहन होतं वगैरे. ही चर्चा चुकीची नाही, पण ती धडकेपाशी थांबते. गाडी का आदळली हा एक प्रश्न. गाडी आदळल्यावर, पडल्यावर, आतली माणसं का बाहेर येऊ शकली नाहीत हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ड्रायव्हर, टायर, रस्ता यांत सापडेल. दुसऱ्याचं उत्तर फक्त गाडीत आहे. ड्रायव्हर उद्याही चुकणार, माणूसच तो. चुकल्यानंतर मिळणारी ती दोन मिनिटं गाडी आपल्याला देते का, हे बघायचं.

विमानाला नियम आहे की निम्मी दारं बंद आहेत असं धरून सगळे प्रवासी नव्वद सेकंदांत बाहेर यायला हवेत आणि ते करून दाखवावं लागतं. आपल्या बसचा साधा हिशेब करू. छत्तीस माणसं, एकच दार, एका वेळी एकच माणूस जाईल अशी वाट. एकाला तीन सेकंद धरले तर एकशे आठ सेकंद. यात धूर धरलेला नाही, घाबरणं धरलेलं नाही, अप्परवरून पाय टेकवायला शोधावी लागणारी ती खुंटी धरलेली नाही, लहान मूल धरलेलं नाही. शेवटच्या बर्थवरची आजी धरलेली नाही.

"पण इमर्जन्सी एक्झिट असते की!" असते. नियमानं एकापेक्षा जास्त असतात. तुम्ही शेवटची कधी पाहिलीत? आम्ही शोधली. एक मागच्या काचेत होती, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या दोन अनोळखी माणसांच्या अंथरुणावरून रांगत जाऊन पोचायचं. एक बाजूला होती, तीही कुणाच्या तरी बर्थच्या आत, पडद्यामागे. सीटच्या बसमध्ये खिडकी ही सगळ्यांची असते, निदान नजरेला दिसते. स्लीपरमध्ये खिडकी त्या त्या बर्थची खासगी मालमत्ता झाली. पडदा ओढला की बाकीच्यांसाठी ती खिडकी नाहीच. आणि हातोडी? आमच्या गाडीत हातोडीची रिकामी खाच होती. क्लीनर म्हणाला, लोक नेतात. असेल. एसीच्या गाडीच्या बाजूच्या काचा उघडत नाहीत, त्या टणक केलेल्या असतात, मुठीनं किंवा लाथेनं सहसा फुटत नाहीत. टोकदार कठीण वस्तूनं कोपऱ्यापाशी घाव घातला तर क्षणात चुरा होतो. म्हणजे त्या एवढ्याशा लोखंडावर पूर्ण रचना उभी आहे आणि ते लोखंड जागेवर नाही.

आता थोडं आरामाबद्दल, कारण ही गाडी आरामासाठीच विकली जाते. बुकिंगच्या ॲपवर बघा. ब्लँकेट, पाण्याची बाटली, चार्जिंग पॉइंट, रीडिंग लाइट, प्रत्येकाचं चिन्ह आहे. या चिन्हांत दोन गोष्टी नाहीत. बाहेर पडायची दारं किती आणि कुठे, हे नाही. आणि लघवीची सोय नाही. दहा-बारा तासांचा प्रवास, मध्ये ढाब्यावर एक थांबा, कधी दोन, तेही मालकाचं ज्या ढाब्याशी जमतं तिथे. आमची एक विद्यार्थिनी पुणे-नागपूर जाते. ती म्हणाली, "सर, ज्या दिवशी गाडी असते त्या दिवशी मी दुपारी चारनंतर पाणी पीत नाही." आम्ही इतकी वर्षं जातोय, आम्हाला हे सुचलं नव्हतं, कारण आमच्यासाठी गाडी रस्त्याच्या कडेला कुठेही थांबते. प्रत्येक बर्थवर मोबाइलच्या भुकेची काळजी घेतलेली आहे. डबल स्लीपरचंही तेच. चार फुटांत दोन अनोळखी माणसं, मध्ये साधी उशीसुद्धा नाही. एकटी बाई असेल तर शेजारी बाईच यावी म्हणून प्रार्थना, नाहीतर सिंगलचे जास्तीचे पैसे.

आणि झोप? झोपेबद्दल नेहमीच्या प्रवाशांना जे कळलंय ते बांधणाऱ्यांना कळलेलं दिसत नाही. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा जो भाग बाहेर राहतो तो उडतो. तिथली शेवटची रांग म्हणजे प्रत्येक खड्ड्याला माणूस बर्थपासून बोटभर वर. वरचा बर्थ हलतो जास्त, कारण गाडी वळणावर कलते तेव्हा जितकं उंच तितकं कलणं मोठं. म्हणून जाणकार काय घेतात? दोन चाकांच्या मधला लोअर. तेच भौतिकशास्त्र जे झोप मोडतं तेच पुढे जाऊन गाडी पाडतं. निम्मी माणसं वरच्या मजल्यावर, म्हणजे हजार-बाराशे किलोचं वजन दोन मीटरच्या वर ठेवलंय. सीटच्या बसमध्ये हे वजन खाली बसलेलं असतं. शिवाय सीटला निदान पुढच्या सीटची पाठ असते. बर्थवर अचानक ब्रेक लागला तर आडवा माणूस पुढे घसरतो, डोकं पुढे असेल तर डोक्यावर. बर्थला बेल्ट आम्ही आजवर क्वचितच पाहिला आणि पाहिला तेव्हा तो गादीखाली होता.

आमचं म्हणणं इथे जरा टोकाचं वाटेल, पण सांगतो. या गाडीत आराम आणि धोका वेगवेगळ्या ठिकाणी नाहीत. ज्या वस्तूला आराम म्हणून पैसे घेतात तीच वस्तू बाहेर पडताना आडवी येते. पडदा म्हणजे एकांत, आणि पडदा म्हणजे लोंबतं कापड, जे खालून पेटलं तर वर चढतं. गाडीच्या आतल्या सामानाची आग-चाचणी सर्वसाधारणपणे नमुना आडवा धरून करतात, ज्योत किती वेगानं सरकते ते बघतात. पण कापड लोंबत असेल तर ज्योत आडवी कशाला सरकेल? तिला वर जायला शिडी मिळाली. युरोपातल्या नियमांत पडद्यासाठी उभी चाचणी वेगळी सांगितली आहे ती म्हणूनच. गादी म्हणजे फोम, त्यावर रेक्झिन, खाली प्लाय. सरकतं दार म्हणजे स्लायडर, तर फारच उंची. केबिनचं पार्टिशन म्हणजे ड्रायव्हरच्या गाण्यांचा आवाज येत नाही. आणि तुमचाही आवाज त्याच्यापर्यंत जात नाही. मागे धूर झाला हे त्याला आरशातून कळेल तेव्हा कळेल.

आता कुणी म्हणेल, नियम नाहीत का? आहेत. बसच्या बॉडीसाठी एआयएस-०५२ आहे, खास स्लीपर कोचसाठी एआयएस-११९ आहे, गाडी उलटली तर छपराचा सांगाडा टिकावा म्हणून एआयएस-०३१ आहे. कागद कमी नाहीत. पण आपल्याकडे गाडी जन्मते कशी ते बघा. चासी एका कंपनीची. तिच्यावर बॉडी चढवतो बॉडी बिल्डर. पासिंग झालं की मालक ती पुन्हा तिसऱ्याकडे नेतो. स्लायडर लाव, केबिन बंद कर, मागे थोडी वाढव, दोन बर्थ जास्तीचे बसव, दिव्यांची माळ ओढ. म्हणजे नियम ज्या गाडीला पास करतो ती गाडी आणि आपण ज्या गाडीत झोपतो ती गाडी, या दोन वेगळ्या गाड्या असू शकतात. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांतून एकदा. मधल्या काळात काय झालं ते कोण बघणार? ऑक्टोबर २०२५ मध्ये जैसलमेर-जोधपूर बस पेटली, वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा साधी गाडी मागाहून एसी करून घेतल्याचं बातम्यांतून समोर आलं. दहा दिवसांनी कर्नूलजवळ हैदराबाद-बंगळुरू बस. त्यानंतर आपल्या भोसरीतल्या सीआयआरटीनं राज्यांना सांगितलं की केबिनची पार्टिशनं काढा, बर्थचे स्लायडर काढा, वाढवलेल्या चासीच्या गाड्या रस्त्यावरून हटवा. म्हणजे आम्ही जे टेप घेऊन बघत होतो ते काही आमचं संशोधन नव्हे. हे सगळ्यांना माहीत होतं. २०१३ मध्ये महबूबनगरजवळ पालेमला पंचेचाळीस माणसं जळाली तेव्हाही होतं.

मग बंदच करा? चीननं केलं. तिथे जुलै २०११ मध्ये हनान प्रांतात स्लीपर बस पेटून एक्केचाळीस माणसं गेली, गाडीत बेकायदा ज्वलनशील माल भरलेला होता. पुढच्या मार्चपासून नवी स्लीपर बस बनवणं आणि नोंदवणं थांबवलं. पण जुन्या गाड्या धावतच होत्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यानआनजवळ एक स्लीपर मिथेनॉलच्या टँकरवर मागून आदळली, छत्तीस गेले. बंदीचा परिणाम बंदीच्या दिवशी होत नाही.

आणि आम्हाला बंदी नकोय, हेही स्पष्ट सांगतो. इथे आमच्यातच मतभेद आहे, मागे बसलेल्यांपैकी एक आत्ता मान हलवतोय. बंदी आली तर दिवाळीत पुण्यातली विदर्भ-मराठवाड्याची पोरं घरी कशी जाणार? रेल्वेचं वेटिंग दीडशेच्या पुढे. एसटीची रातराणी आहे, पण ती बरीचशी बसून. खासगी गाड्यांनी एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये असा २०१८ चा शासन निर्णय आहे, तो दिवाळीच्या आठवड्यात कुठे असतो ते तुम्हीच सांगा. तरी लोक जातात. ही गाडी लोकांनी हौस म्हणून निवडलेली नाही. आपण पुण्यात नोकऱ्या ठेवल्या आणि घरं सातशे किलोमीटरवर, त्या अंतराचं हे उत्तर आहे.

मग गाडी कशी असावी? व्हिएतनाममध्ये सिंगल बर्थच्या तीन रांगा असतात आणि मध्ये दोन वाटा. माणूस पूर्ण आडवा नसतो, पाठ अर्धी उचललेली, पाय पुढच्याच्या पाठीखालच्या पोकळीत. उंच माणसाचे हाल होतात, आणि अपघात तिथेही होतात. पण बेल्ट लावता येतो आणि अनोळखी माणसाशेजारी झोपावं लागत नाही. आमच्या मते आपल्याकडे डबल बर्थ गेला पाहिजे. मागची वरची रांग गेली पाहिजे, तिथे फक्त दार असावं, ज्यावर कुणाचं अंथरूण नसेल. बरेच बर्थ कमी होतील. तिकीट त्या हिशेबानं वाढेल, शे-दोनशे, कदाचित जास्त. ते द्यायची आपली तयारी आहे का, हा प्रश्न मालकाला विचारायच्या आधी आम्ही आम्हालाच विचारला. तिघांपैकी दोघं हो म्हणाले. तिसरा म्हणाला, विद्यार्थी असतो तर नाही म्हणालो असतो. त्याचंही बरोबर आहे, म्हणून तो फरक प्रवाशाच्या खिशातून न काढता टोलमधून, करातून सोडवता येईल का हे बघायला हवं. बर्थच्या संख्येवर कर घ्यायचा आणि मग बर्थ कमी ठेवा म्हणून सांगायचं, यात काही मेळ नाही.

अजून एक माणूस राहिला. दुसरा ड्रायव्हर. २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा दिवसाला आठ तास काम सांगत होता, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. म्हणून लांबच्या गाडीला दोन ड्रायव्हर. छत्तीस माणसांच्या झोपेचा विचार केलेल्या या गाडीत त्याची झोपायची जागा कुठे आहे? आम्ही त्याला केबिनमध्ये क्लीनरच्या पायाशी मुडपून झोपलेला पाहिलाय. मधल्या वाटेत, त्याच सोळा इंचांत, चादर टाकून झोपलेला पाहिलाय. एकदा ढाब्यावर सामानाची डिकी उघडली तेव्हा आतून उठून बाहेर आला. डोळे चोळत स्टिअरिंगवर बसला. सुरुवातीला आम्ही विचारलं होतं की या गाडीच्या मनातला प्रवासी कोण. तो कोणीही असो, हा माणूस तिच्या मनात नव्हता. आणि रात्री दोन ते पाच तीच छत्तीस माणसं त्याच्याच डोळ्यांच्या भरवशावर असतात. डोळा लागला, डोळा लागला असं आपण म्हणतो. तो लागायची सोय कुठे केली होती ते विचारत नाही.

बरं, घड्याळ बघतोय. प्रश्न घेऊ, पण साडेनऊपर्यंतच, कारण आमच्यातल्या दोघांना सव्वादहाची गाडी आहे. हो, स्लीपरच. लोअर, मधली, एकाला सिंगल मिळालीय आणि एकाला डबल. टेप या वेळी घेतलेली नाही, एक हातोडी घेतली आहे. हार्डवेअरच्या दुकानातून, एकशे वीस रुपये. दुकानदारानं विचारलं, खिळे किती देऊ? (हशा) तिथे मागे कुणाचा तरी हात वर आहे. हं, ताई, बोला.